क्लच जड झालाय म्हणे

पाय गेला नव्हता, क्लच गेला होता, असं आमच्या अप्पांचं म्हणणं होतं.

उन्हाळ्यात अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकवा मारून गेला. डावी बाजू. तोंड वाकडं झालं होतं, ते हळूहळू जागेवर आलं. बोलणं तर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, आणि तेही दवाखान्याच्या पंख्याला शिव्या देण्यापासून, तेव्हा आम्ही म्हटलं, चला, माणूस शाबूत आहे. पण डावा हात आणि डावा पाय काही पहिल्यासारखे झाले नाहीत. पाय ओढत चालायचे, हातातली बशी वाजायची. डॉक्टरनं बजावलं, काका, आता गाडी चालवायची नाही. अप्पांनी शहाण्या लेकरासारखी मान हलवली आणि पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाले, "त्यानं कधी जीप चालवलीय का? मंग त्याला काहून इचारायचं?"

त्यांचा अर्धा जन्म सेनगाव-हिंगोली रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवण्यात गेला. ज्यांनी त्या जीपचा प्रवास केला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक पाशिंजर, डाव्या हाताला तीन, आणि खुद्द ड्रायव्हर मध्ये कुठंतरी तिरका. गिअर टाकायचा तर आधी कुणाच्या तरी गुडघ्याला "सरका पाव्हणं" म्हणायचं. बाजार, लग्नं, बाळंतपणं, भांडणं, सगळं त्यांनी वाहिलं. लायनीवरून उतरल्यावर शेवटची जीप मात्र त्यांनी विकली नाही. काळापिवळा रंग खरवडून पांढरा दिला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडात तिला ठेवली. भिंतीला पाने टांगलेले, कोपऱ्यात जॅक, डालड्याच्या जुन्या डब्यात नटबोल्ट, असं ते शेड. आईला तिथं झाडू मारायचीसुद्धा बंदी होती, कारण झाडूनं वायसर हरवतात.

श्रावणात एके दुपारी आई झोपली आहे असं बघून अप्पा गुपचूप जीपमध्ये जाऊन बसले. आई अर्थातच जागी होती. खूप वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते घामाघूम होऊन बाहेर आले आणि ओसरीवर टेकून जाहीर केलं, "क्लच जड झालाय. गिअर बी अडकून राहिला. गिअरबॉक्स उतरवावा लागतो."

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली. तांदूळ निवडताना म्हणाली, म्हणजे तांदळाला म्हणाली, असं नंतर तिचं म्हणणं.

तेव्हापासून आमच्या घरात क्लच सोडून दुसरा विषय नाही. मी हट्टा गावच्या शाळेत शिकवते, तिथंच नांदते. रोज फोन यायचा. मी विचारायची, पाय कसा आहे? उत्तर यायचं, क्लच लई जड हाय. गोळ्या घेता का? घेतो, पण क्लच प्लेट घासली असंल. माझं डोकं अप्पांवर गेलेलं, लवकर तापतं आणि उशिरा निवतं. एकदा मी फोनवरच ओरडले, "अप्पा, डॉक्टरनं क्लच तपासला नव्हता, तुम्हाला तपासलं होतं!" ते शांतपणे म्हणाले, "तेच त चुकलं त्याचं."

हे सगळं चेष्टेत गेलंही असतं, पण मध्ये दसरा होता. आमच्या गावात दसऱ्याला दुपार कलली की सगळे हलगी वाजवत सीमोल्लंघनाला शिवेवर जातात. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना अप्पा जीपमध्ये मागं बसवून नेतात, शीव ओलांडतात, आपट्याची पानं घेऊन परत आणतात. मला कळतंय तेव्हापासून हे चाललंय. यंदा कटिंगच्या दुकानात कुणीतरी सहज बोलून गेलं, "अप्पा, औंदा तुमी बी मागंच बसा, म्हाताऱ्यात." दुकान हसलं. अप्पा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. आईनं विचारलं तर म्हणाले, ब्लेड बोथट होतं.

त्या रात्री फोन आला, तो मात्र क्लचपासून सुरू झाला नाही. "दसऱ्याला ये बाई," ते म्हणाले. "तुझ्या मामाला बी बलावलंय. शीव मी माझ्या हातानं ओलांडणार. न्हाई ओलांडली, तर मंग मी मागं बसायचाच झालो." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला भाऊ नाही. त्यामुळे लहानपणी बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी जीपखाली बॅटरी धरून "बारा-तेराचा पाना दे" ऐकायची. गाडी चालवायलाही अप्पांनीच शिकवलं, आटलेल्या तळ्यात, शिव्यांसह. त्यामुळे नवमीच्या आदल्या दिवशी मी माहेरी पोचले तेव्हा मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ जुना सदरा हातात दिला.

मामा आधीच येऊन बसला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चर आणि फिटिंगचं दुकान आहे. हायवेच्या ट्रकांचा आपण डॉक्टर आहोत असं तो समजतो, आणि डॉक्टरांसारखंच त्याला कुणी उलट विचारलेलं चालत नाही. पोट असं की जीपखाली शिरताना आधी श्वास सोडावा लागतो आणि मग आत गेल्यावर घेता येत नाही. "दाजी," तो अप्पांना म्हणाला, "असले बॉक्स म्या डोळे झाकून उतरवलेत." अप्पा बाजेवर बसून होते. "तरीच फाट्यावरच्या गाड्या पुन्यांदा तुझ्याकडंच येतात," ते म्हणाले.

बॉक्स उतरवला. जीपच्या दारांतून लाकडाची आडवी बल्ली घातली, तिला बैलाचा कासरा बांधला, कासऱ्याला गिअरबॉक्स. मागचा शाफ्ट सोडला, बोल्ट काढले. मी वरून कासरा सैल करायची, मामा खालून छातीवर बॉक्स घेऊन कण्हायचा, आणि अप्पा बाजेवरून "डावीकडं, डावीकडं, आरं तुझ्या डावीकडं" असं उंटावरून शेळ्या हाकायचे. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज तसा लागला होता. ते मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

क्लच प्लेट निघाली. मामानं ती उजेडात धरली, अंगठा फिरवला. ताटलीएवढी गोल चकती, दोन्ही बाजूंना तपकिरी अस्तर, मध्ये दातऱ्याचं भोक, भोकाभोवती स्प्रिंगा. मला पण दिसत होतं. प्लेट चांगली होती. अजून दोन-तीन वर्षं गेली असती.

"कशी हाय?" अप्पांनी विचारलं.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी जॅककडे पाहिलं.

"तशी... घासत आलीय," मामा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढ्या हळू बोलला असेल. "दांड्याला बी गिरीस न्हाई. गिरीस लावू, बेअरिंग म्या आणलीय ती टाकू, प्लेट हीच चालंल. मऊ होईन."

"म्या काय म्हणून राहिलो व्हतो!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. उजव्या हातानं, उजव्या मांडीवर.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी लोक शस्त्रं पुजतात. आमच्याकडे तलवार म्हणाल तर विळी. म्हणून आमची शस्त्रं म्हणजे पाने, हातोडी, जॅक. नवमीला त्यांची पूजा होते आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अप्पांचा हा नियम इतका कडक की एकदा नवमीला पाशिंजर भरलेली गाडी पंक्चर झाली तर त्यांनी पाशिंजर उतरवून चालत घरी पाठवले, पण चाक खोलायची टॉमी उचलली नाही. वर्षात हाच एक दिवस आईला शेडात मोकळं रान. पहाटे न्हाऊन ती आत शिरली, झेंडूची फुलं, हळदकुंकू, ऊद घेऊन. बॉक्स, प्लेट, बेअरिंग, सगळं तिनं धुतलेल्या धडप्यावर मांडलं. मी आणि मामा जेवून आडवे झालो. बाईमाणूस पूजा करतंय, त्यात काय बघायचंय, असं मामा म्हणाला. हे वाक्य त्याला पुढं फार महागात पडलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली आणि आम्ही कामाला लागलो. फुलं बाजूला केली, कुंकू पुसलं. आता बॉक्स परत चढवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड असतं, कारण क्लच प्लेट बरोबर मधोमध बसवावी लागते. ती केसभर जरी सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात जात नाही, आणि मग माणूस बॉक्स छातीवर घेऊन कुळाचा उद्धार करत पडून राहतो. फाट्यावर मामाकडे प्लेट मधोमध धरायला जुना दांडा होता, पण तो आणायचं हा ट्रकांचा डॉक्टर विसरला होता.

"आगं आक्का, लाटणं दे," मामा जीपखालून ओरडला.

"कशाला?"

"गाडीच्या पोळ्या लाटायच्यात! दे ना!"

लाटण्याचं टोक निमुळतं. ते प्लेटच्या भोकातून पलीकडच्या बुशात बरोबर गेलं. त्यावर प्लेट तोलून मामानं वरचे बोल्ट आवळले आणि लाटणं काढून घेतलं. प्लेट काळपट दिसतेय का, असं मी विचारलं. "गाडीच्या पोटात तुला गोरंपान काय दिसणार हाय?" मामा म्हणाला. मग पुन्हा कासरा, पुन्हा कण्हणं, पुन्हा अप्पांचं "डावीकडं". बॉक्स खटकन बसला तेव्हा आम्ही तिघंही ओरडलो. शाफ्ट जोडला, तेल भरलं, हात धुवून पुरणपोळ्या खाल्ल्या. अप्पांनी पोळी अर्धीच खाल्ली. नवं धोतर नेसून, टोपी घालून ते बाजेवर तयार होऊन बसले होते.

रीत अशी की फिटरनं आधी गाडी हलवून बघायची आणि मग मालकाच्या हातात द्यायची. मामा बसला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. जीप जागची हलली नाही. ॲक्सिलेटर दिला. इंजिन बोंबललं, जीप ढिम्म. अजून दिला. गाडीखालून निळा धूर यायला लागला आणि सगळ्या शेडात वास सुटला. तो काही जळक्या क्लचचा वास नव्हता. तो खमंग होता.

भिंतीपलीकडून शेजारची काकू ओरडली, "काय तळून राहिल्या व माय? भजे का?"

मामानं इंजिन बंद केलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे डिझेल गळणाऱ्या, ऑइल पिणाऱ्या, रस्त्यात पेटलेल्यासुद्धा गाड्या आल्या असतील. भजी तळणारी पहिलीच.

आणि अप्पा? अप्पा खुलले होते. "क्लचच!" ते बाजेवरून हातवारे करत होते. "म्या म्हणलं ना, क्लचच हाय! मामाच्या पायानं तरी गेली का गाडी? न्हाई गेली! डॉक्टर म्हणे पाय!" कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. गाडी चालत नाही म्हणून एवढा खूश झालेला मालक अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जीप मोडलेली असेपर्यंत ते बरे होते. ती दुरुस्त झाली की मग फक्त पाय उरत होता.

आई दारात उभी होती. तिनं नाक वर करून एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बाई. हे तर आपलं करडईचं तेल हाय."

तिघांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"पूजेत लावलं व्हतं," ती म्हणाली. "शेंदूर कालवून. त्या गोल चकतीला."

"प्लेटीला?" मामाचा आवाज फाटला. "आक्का, क्लच प्लेटीला तेल? आगं, हाताचा घाम लागू देत न्हाईत तिला! तेल लागलं की घसरते ती, पकडतच न्हाई! काहून लावलं?"

"मला काय माहीत? पाने पुजले, बॉक्स पुजला. ती चकती गोल, मधी भोक, भवती डोळ्यावानी काय काय. मला वाटलं, ह्योच गाडीचा देव. दोन महिने घरात त्याचंच नाव. उठता क्लच, बसता क्लच. देव असल्याबिगर एवढं नाव कुणी घेत का? मंग लावला शेंदूर. सकाळी म्हणलं, तू ओरडशीन, म्हणून पुसून ठेवली."

"पुसून काय होतंय! अस्तरानं पिऊन घेतलं ना तेल! करायला गेली गणपती अन् झाला मारुती!"

मला हसूही येत होतं आणि संतापही. एक शंका मनात आली ती मी बोलून टाकली, कारण मला मनात ठेवता येत नाही. "आई, तू मुद्दाम तर नाही ना केलंस? अप्पांनी चालवू नये म्हणून?"

आई अशी भडकली की शेजारची काकू भिंतीवरून डोकवायची थांबली. "मुद्दाम करायचं असतं तर टाकीत साखर टाकली असती! एवढं येतंय मला, मी बी ड्रायव्हरचीच बायको हाय!" आणि मग एकदम तिचा आवाज बसला. "नवस बोलले मी त्याला. म्हणलं, देवा, ह्ये म्हणतेत दोष तुझ्यात हाय. तर तुझ्यातच असू दे. ह्यांच्या पायात नको."

धूर अजून पत्र्याखाली तरंगत होता.

"मंग पावला की देव," मामा हळूच म्हणाला. "बराबर त्याच्यातच आला दोष."

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा आनंद उतरला होता. ते आईकडे बघत होते, आणि आई उंबऱ्याकडे. मला त्या दोघांचाही असा राग आला, आणि त्याहून जास्त माया. इतकी वर्षं एकमेकांशी सरळ एक वाक्य न बोलता संसार केला, आणि बोलायची वेळ आली तर मध्यस्थ कोण, तर क्लच प्लेट.

"उतरवा बॉक्स," अप्पा म्हणाले. "दिस हाय अजून."

पुन्हा सगळं. बल्ली, कासरा, शाफ्ट, बोल्ट. ह्या वेळी अप्पा "डावीकडं" म्हणाले नाहीत. सण असल्यामुळे दुकानं बंद, नवी प्लेट मिळायची आशा नव्हती. मामानं तीच प्लेट पेट्रोलनं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग आईला म्हणाला, "आक्का, तूच तेल पाजलं, तूच उतरव." आईनं चुलीतले निखारे पुढं ओढले, तवा ठेवला आणि प्लेट भाकरीसारखी दोन्ही अंगांनी भाजली. अस्तरातून तेल थेंबाथेंबानं सुटत होतं, ते ती फडक्यानं टिपत होती. भाजून झाल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन ती घासत बसले. आई शेजारी बसून होती. "लई वाईट झालं का ग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. पण पुढच्या नवमीला शेडाला कुलूप."

तेवढ्यात हलगी ऐकू आली. गाव शिवेकडे निघालं होतं. दोन-तीन म्हातारी माणसं काठी टेकत आमच्या फाटकाशी आली, दरसालची जीपची पाशिंजरं. जीपखालून मामाचे फक्त पाय दिसत होते. एक आजी म्हणाली, "अप्पा, न्यायचं न्हाई का औंदा?"

"हळूहळू व्हा पुढं," अप्पा म्हणाले. "आलोच मागून. वाटंत घेतो."

आजीनं जीपखालच्या पायांकडे पाहिलं आणि सगळी काठ्या टेकत निघाली.

ह्या वेळी बॉक्स चढवताना कुणी ओरडलं नाही. लाटणं आईनं स्वतःच आणून दिलं. सगळं आवळून झालं तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. मामा बसला, गिअर टाकला, क्लच सोडला. जीप अशी गुपचूप पुढं सरकली, की फाटकाशी बांधलेली शेळीसुद्धा उठली नाही. मागं घेतली, पुढं घेतली. क्लच मऊ, गिअर बिनआवाजी. मामा उतरला, किल्ली तशीच ठेवली आणि मागच्या चाकाची हवा बघायला गेला. हवेला काही झालं नव्हतं.

अप्पा उठले. चालत गेले, पाय ओढत. उजव्या बाजूनं वर चढले, ते जमलं. मग खाली वाकून दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. स्टेअरिंग धरलं. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी बोनेटपाशी होते, मला काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. पावू दे रे बाबा, मी मनात म्हटलं. आईचा तो क्लच प्लेटीचा देव, तोसुद्धा चालेल.

त्यांनी दाबला. पेडल थोडं गेलं आणि थांबलं. त्यांचा गुडघा थरथरायला लागला. पुन्हा दाबला. मानेच्या शिरा वर आल्या, टोपीखालून घाम आला. मग उजव्या हातानं डाव्या गुडघ्यावर दाब दिला. पेडल अर्ध्यापर्यंत गेलं आणि पाय घसरून खाली पडला. धप्पकन आवाज झाला. इंजिन आपलं चालूच होतं, एकसारखं.

"बेअरिंग नवी हाय ना दाजी," मामा मागून घाईघाईनं म्हणाला, "दोन दिस जरा जडच ऱ्हाती. मंग एकदा का..."

"गप रे पाव्हण्या," अप्पा म्हणाले. आवाज चढवून नाही, मायेनं. "लोण्यावानी क्लच केला तू. म्या लाइनीवर व्हतो तवाबी इतका मऊ नव्हता." मग ते आईकडे बघून म्हणाले, "पायच गेला ग. क्लचला उगं बदनाम केलं."

आईनं ताट खाली ठेवलं आणि ती तिथंच मटकन बसली. माझे डोळे भरून आले, आणि मला रडायचा राग येतो म्हणून मी बोनेटवर मूठ मारली. मामा चाकाकडे तोंड करून नाक पुसत होता. मी पुढं झाले, अप्पांना उतरवायला हात दिला. मागं बसवायचं ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

त्यांनी माझा हात धरला नाही. आधी डावा पाय उचलून सीटच्या पलीकडे टाकला, मग गिअरच्या दांड्यावरून स्वतःला ओढत, धापा टाकत, ते डाव्या सीटवर सरकले. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते कधी बसले नसतील. धोतर सावरलं, टोपी नीट केली.

"बघत काय राहिली?" ते माझ्यावर खेकसले. "बस. दिस चाललाय."

मी बसले. क्लच दाबला आणि डावा हात गिअरच्या दांड्याकडे नेला. तिथं आधीच त्यांचा उजवा हात होता. तो हात पहिल्यासारखाच होता, काळा, रुंद.

"हात काढ," ते म्हणाले. "गिअर मी टाकणार. तू फकस्त दाब."

"अप्पा, असं कुठं असतं? दोघं मिळून गाडी चालवतात का?"

"चार-चार जण मांडीवर घेऊन चालवलीय म्या. तू एकटी काय जड हायेस? दाब!"

मी दाबला, त्यांनी पहिला टाकला. फाटकातून बाहेर पडलो. आई पळत येऊन मागं बसली, मामा मागच्या फळीवर उभा राहिला. गावाबाहेर पडेपर्यंत आमची तीन भांडणं झाली. त्यांना दुसरा हवा असायचा तेव्हा माझा पाय वर, मी दाबायची तेव्हा त्यांचं लक्ष रस्त्यावरच्या कुणालातरी नमस्कार करण्यात. गिअरबॉक्स असा किंचाळायचा की मामा फळीवरून "आरं माझा बॉक्स!" ओरडायचा. वाटेत काठ्या टेकत चाललेली म्हातारी माणसं भेटली, त्यांना मागं घेतलं. आजीनं पुढं वाकून पाहिलं, कोण कुठं बसलंय ते, आणि म्हणाली, "चला."

पुढून माणसं परतत होती, हातात आपट्याची पानं घेऊन. ती बाजूला झाली. कटिंगच्या दुकानातलीही काही असतील त्यांत. अप्पा सरळ समोर बघत होते. शिवेच्या दगडाआधी ओढा आहे, उतार आणि मग लगेच चढ. तिथं गिअर बदललाच पाहिजे, नाहीतर गाडी मध्येच मरते.

"दुसरा," अप्पा म्हणाले.

मी दाबला. घाईत अर्धाच. गिअर जाईना, खरखर झाली, जीप ओढ्यात मंदावली. अप्पांचा हात दांड्यावर घट्ट होता. ते माझ्याकडे वळले, आणि रागावतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाज एकदम वेगळा होता.

"अगं, पुरा दाब ना बाई. भिऊ नको. माझाच पाय हाय असं समज अन् दाब."

मी पुरा दाबला. त्यांनी दुसरा टाकला, आणि जीप चढाला लागली.